रविवारची गोळी

विमल,

आजची हाडांची गोळी डब्यात शोधू नकोस, ती माझ्या खिशात आहे. मी गुलाबाच्या जुड्या घेऊन मार्केटला निघालोय, आठच्या आत येतो. तोवर चहा घेऊ नकोस. ती गोळी उपाशीपोटीच घ्यायची असते. नलू म्हणेल, "ताई, घे गं घोटभर, काय होतंय?" तिचं ऐकू नकोस.

तुझं मनगट मोडल्यावर तुझी बहीण धावून आली, बरंच झालं. पण डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितल्यापासून मी नाचणीची भाकरी खा म्हणतोय, तेव्हा ती तुझ्या घशाखाली उतरत नव्हती. नलूनं थापली की दोन खातेस. गोळी घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, म्हणून दर रविवारी मी ओट्यावर तुझ्याशेजारी बसायचो. गेल्या रविवारी तिथं ती बसली होती. तुम्ही दोघी इतक्या हसत होतात, की मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेलो.

आता म्हणे ती तुला महिनाभर सायखेड्याला नेणार, तिकडं ऊन चांगलं मिळतं. ऊन काय सायखेड्यालाच पडतं? आपल्या गच्चीवर मी काल खाट टाकून ठेवलीय.

तरी जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. फक्त गोळ्यांचं पाकीट इथंच राहील. दर रविवारी एक गोळी मी स्वतः गाडीवर घेऊन येईन, आणि तो अर्धा तास नलूनं आत भाकऱ्या थापाव्यात.

— रोहितचे पप्पा