ओढ्याअलीकडची मोजणी

मंगळवार, १४ ऑक्टोबर
सकाळचे सव्वासात

प्रिय ठमे,

आशीर्वाद आहेतच. चिडले म्हणून ते परत घेता येत नाहीत, नाहीतर यावेळी घेतले असते.

आधी तुझ्या आईची खबर. ताप उतरलाय. छातीतली घरघर कमी आहे असं डॉक्टरीणबाई म्हणतात. घोट्यात दोन स्क्रू, प्लॅस्टर गुडघ्यापर्यंत. काल तिने नर्सला ऐकवलं, "तुमच्या उशीपेक्षा डोंगरातला दगड मऊ होता." म्हणजे धोका टळला असं समज.

आता काल कुरियरने आलेलं तुझं पत्र. चार पानं आणि एकवीस उद्गारचिन्हं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अख्ख्या निबंधात एक चालायचं, तेही कुणी मेलं तर. सोबत तक्रारीचा टाइप केलेला कागद, आणि मी सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली. अगं, एकतीस वर्षं मी दाखल्यांच्या कचेरीत 'खरी प्रत' असा शिक्का मारत बसले. मला फुली दाखवतेस?

तक्रार वाचली. वाटाड्याने उतरताना माणसं नीट मोजली नाहीत, एक बाई मागे ठेवून गट पुढे नेला, सबब त्याचा परवाना कायमचा रद्द व्हावा. परवा गुरुवारी अकरा वाजता चौकशी आहे. तोवर त्याला डोंगर बंद. गटातले बाकीचे सही करून मोकळे झाले. दातांच्या डॉक्टरांनी तर दोनदा केली. फक्त माझी सही राहिली आहे, आणि सख्खी बहीण म्हणून तिचंच वजन जास्त, असं तू लिहितेस. बरोबर आहे.

हा वाटाड्या मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. तिशीतला पोरगा आणि आम्हा साठी उलटलेल्या चौदा जणांना नंबर वाटतो! दर वळणावर हात वर करून थांबायचं, पुढून मागे एकेकाने आपला आकडा ओरडायचा. मी सात, तुझी आई आठ. मी त्याला म्हटलं, "आम्ही काय मेंढरं आहोत?" तर म्हणतो, "मेंढरं सोपी असतात, बाई. ती दुसऱ्याच्या वतीने ओरडत नाहीत."

सगळे हसले. मीही हसले.

शनिवारी दुपारी बाराला निघालो. आभाळाचं काही खरं नव्हतं. घटकेत ऊन, घटकेत काळोखी. वाटाड्या दोनदा म्हणाला, "आज नको, पुढच्या शनिवारी जाऊ." त्याला गप्प कुणी केलं, माहीत आहे? मी. "पावसाला घाबरायचं तर छत्री दुरुस्तीचं दुकान टाका," असं म्हटलं मी त्याला. हे तुझ्या कागदात नाही.

वरच्या निवाऱ्यात चहा प्यायला बसलो. थर्मासचं झाकण फिरवता फिरवता, जणू दूध संपलंय असं सांगावं तशा आवाजात तुझी आई म्हणाली, "पोरगी बोलावतेय. तिकडेच राहायला जाईन म्हणते. महिन्याअखेरीस."

मी म्हटलं, "कधी ठरलं?"

"दोन महिने झाले."

दोन महिने! तेरा वर्षं आम्ही एका भिंतीच्या अल्याड-पल्याड राहतोय. तिची शिंक मला ऐकू येते, माझा रेडिओ तिला. दोन महिने ही बाई माझ्या टेबलावर बसून रोज शब्दकोडं सोडवत होती आणि तोंडातून अवाक्षर नाही. मी काय बोलले ते लिहीत नाही. "जा, तिथे फुकटची आया हवीच असेल," हे त्यातलं सौम्य. तुला लागेल. लागू दे.

उतरताना ती मुद्दाम मागे पडली. मी वळून पाहिलं नाही.

ओढ्याच्या अलीकडे धुकं इतकं उतरलं की स्वतःचे बूट दिसेनात. पाणी चढत होतं. वर गडगडाट सुरू झालेला. वाटाड्या ओरडला, "मोजणी! एक जरी कमी भरला तरी कुणी ओढा ओलांडायचा नाही. सगळे इथेच थांबणार."

एक. दोन. तीन. आवाज जवळ जवळ येत होते. पाच. सहा. मी म्हटलं, सात.

मग काहीच नाही.

ठमे, ती शांतता किती वेळ होती ते मी या तीन दिवसांत मोजून पाहिलं. एक श्वास आत, एक बाहेर. तेवढ्यात माझ्या मनात आलं, आहे मागेच, फुगून बसली आहे, मुद्दाम बोलत नाही, हिच्या रुसव्यापायी चौदा जण वाहून जाणार. शाळेच्या वसतिगृहात संध्याकाळी खाटांपाशी उभं करून मोजायचे. तुझी आई हमखास झोपाळ्यावर. तिचा नंबर आला की मी तोंड भिंतीकडे करून बारीक आवाजात ओ द्यायची. चार वर्षांत एकदाही पकडले गेले नाही.

मी तोंड दरीकडे केलं आणि म्हटलं, "आठ."

लगेच दातांचे डॉक्टर म्हणाले, नऊ. डोक्यावरून टोपी ओढलेली, आपल्यापुढे कोण आहे हे त्यांना कोरड्यातही ठाऊक नसतं. चौदापर्यंत मोजणी भरली. आम्ही ओढा ओलांडला.

खाली गाडीपाशी एक जागा रिकामी राहिली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "एक बाई कमी आहेत." वाटाड्याने एकेकाचा चेहरा पाहिला. माझ्यापाशी थांबला. "बाई, आठ कोण म्हणालं?"

आणि मी म्हटलं, "मला काय विचारता? मोजणं तुमचं काम."

त्याने दोर घेतला आणि तो परत वर गेला, एकटाच. तोवर गारा सुरू झाल्या होत्या. गाडीच्या पत्र्यावर त्या अशा वाजत होत्या की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. मला तेच बरं वाटत होतं. पाऊण तास गेला, तास गेला. डॉक्टर म्हणाले, आता ओढा ओलांडता येणार नाही. काचेवरचा वाफारा मी बाहीने पुसत राहिले. उजेडाची शेवटची तिरीप उरली होती तेव्हा तो दिसला, कमरेपर्यंत भिजलेला, आणि त्याच्या पाठीवर दोराने बांधलेली तुझी आई. तिचे ओठ निळे पडले होते.

तिने तुला फोनवर सांगितलं की तिला काही आठवत नाही. खोटं आहे ते. रविवारी दुपारी तू फोन ठेवल्यावर तिने मला जवळ बोलावलं. आमच्यापासून वीसेक पावलांवर ती पाय मुरगाळून बसली होती. हाका मारायची गरजच नव्हती म्हणाली. आठ नंबर आला नाही की वाटाड्या येणारच, म्हणून श्वास सांभाळून बसले. आणि मग तिने स्वतःचाच आवाज ऐकला. त्यानंतर ती ओरडली खूप. पण पाणी, गडगडाट.

वर मला म्हणाली, "तुझा आवाज म्हातारा झाला गं. माझा मात्र अजून नऊ वर्षांचाच काढतेस."

मी तिची माफी मागितली नाही. तिचा हात धरून बसले. तिने तो सोडवून घेतला नाही, पण माझा धरलाही नाही. वाटाड्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. तुझं तू बघ." तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कधी शिक्का मारला नाही. साहेबांचा भाचा आला तेव्हासुद्धा नाही. आणि सख्ख्या बहिणीच्या बाबतीत मान वळवून बघायचे कष्ट घेतले नाहीत.

तुझा कागद फाडला. सोबत माझा जबाब पाठवते, हाताने लिहिलेला, ओढ्यापाशी आणि गाडीपाशी मी काय बोलले ते शब्दशः. गुरुवारी अकराला तोच तिथे वाचणार, सगळ्यांसमोर, वाटाड्यासमोर. तुला आधी कळावं म्हणून आज टपालात टाकते. पोचायला उशीर झाला तर चौकशी माझ्यासाठी थांबणार नाही आणि मी तुझ्यासाठी.

प्लॅस्टर निघालं की आईला घेऊन जा. तिचे लोकरी मोजे कपाटात खालच्या खणात आहेत, शब्दकोड्यांची वही माझ्याकडे आहे. ती मी देणार नाही. मागितलीच तिने, तर देईन.

वाचलं, ताडून पाहिलं, बरोबर आहे.

तुझी मावशी,
सात. फक्त सात.