आधी दारात वास घे

जॉर्जटाउन, पेनांग
१४ जून

हुई दादा,

वहिनींना आणि पोरांना आठवण सांग. पर्थला म्हणे कडाक्याची थंडी पडलीय. इथे घाम पुसता पुसता हात दुखतो. आम्ही ठीक आहोत. म्हणजे मी ठीक आहे.

फोन सोडून हे पत्र कशाला, म्हणशील. फोन आला की पप्पा शेजारी कान टवकारून बसतात, म्हणून.

तुम्ही येणार म्हणून पोरांच्या खाण्याचा बेत ठरलाय. आल्या आल्या शेजारी मैदीनकाकांच्या खाणावळीत भात आणि माशाच्या डोक्याचं कालवण, सगळे रस्से एकावर एक ओतून. मग टेकडीवरचं देऊळ, उतरताना पायथ्याशी लाक्साचे आंबट रश्श्यातले नूडल्स. संध्याकाळी रोकैयाताईच्या गाडीवर डुरियन. "नातवंडांना मीच फिरवणार," असं पप्पा सगळ्या गल्लीला सांगत सुटलेत. मैदीनकाका म्हणतात, "म्हातारा नवरदेवासारखा मिरवतोय बघ!"

डुरियनवरून आठवलं. रोकैयाताई अजूनही फळ फोडायच्या आधी पप्पांच्या नाकाशी धरते. ते देठाजवळ हुंगतात, कडू की गोड, आजचं की कालचं, ते सांगतात, मगच ती गिऱ्हाइकाला देते. मैदीनकाकासुद्धा मसाला कुटला की डबा घेऊन आधी आपल्याच दारात. तर गेल्या रविवारी पप्पांनी एक फळ हुंगलं आणि म्हणाले, "फक्कड!" ताईनं फोडलं, तर आत सगळं सडून पाणी सुटलेलं. माणसं नाक दाबून मागे सरली. पप्पांनी मात्र बोटांनी गर उचलला आणि तोंडाशी नेला.

ताईनं तो हातातून हिसकावून घेतला. "काका, माझी फिरकी घेताय होय?"

"मग काय!" म्हणाले आणि हसले. घरी येईपर्यंत मात्र तीच बोटं पुन्हा पुन्हा नाकाशी धरून बघत होते.

दादा, पप्पांना वास येत नाही. कशाचाच नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईल अशी आशा धरू नका. कुणाला सांगायचं नाही, अशी पप्पांनी मला शपथ घातलीय. ती मी आज मोडली.

मोडली, कारण मंगळवारी मी बाजारातून आले तर दारातच गॅसचा भपकारा आला. कढईखालचा जाळ वाऱ्यानं विझलेला, बटण तसंच उघडं, आणि पप्पा आईच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला लायटर शोधत होते. लायटर चुकून माझ्या पिशवीत आला होता. नाहीतर आज तुला हे पत्र नसतं आलं, त्याच दिवशी फोन आला असता.

मी किंचाळले तर माझ्यावरच उखडले. "उभा जन्म नूडल्सच्या गाडीवर जाळापुढे काढला मी. आता तू मला शेगडी शिकवणार?" नाकावर माशी बसू देत नाहीत, तुला ठाऊकच आहे. मी रेग्युलेटर काढून लपवला, तर बाजारातून दुसरा घेऊन आले. नातवंडांना आपल्या हातचे नूडल्स खाऊ घालायचेत ना! काल दोन भरलेले सिलिंडर आणून जिन्याखाली ठेवलेत. पोरांचे बिछाने बरोबर त्याच्या वरच्या खोलीत घातलेत, तेही स्वतःच्या हातांनी.

मला फार भीती वाटते रे. माझं ते ऐकत नाहीत. मुलाचं ऐकतील, तुझंच ऐकतील. म्हणून पोरांना यावेळी आणू नकोस. काहीही कारण सांग, रडू देत त्यांना. तू एकटा ये, आणि तिकीट पुढचं असेल तर अलीकडचं घे.

हे बाहेर ओट्यावर बसून लिहितेय. आत पप्पा कढई घासताहेत, गुणगुणताहेत. आजपासून हात बसवणार म्हणे.

आलास की घाईघाईनं बेल दाबू नकोस. आधी दारात उभा राहून वास घे. वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात लावू नकोस, नुसती मला हाक मार. मी ओ दिली नाही, तरी आत शिरू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
खिम