उतारूंचा आवाज

मुलुंड (पूर्व),
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. यज्ञेश,

आशीर्वाद. तू आणि रुचिरा बरे असाल. तिला आता जिने चढू देऊ नकोस. तुमची लिफ्ट बंद असली तर खालीच बसायला सांग.

आज सकाळी पाणी उशिरा आलं. मग बँकेत जाऊन पेन्शनसाठी हयातीचा दाखला दिला. माझ्या बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, रेषा पुसट झाल्यात, डोळ्यांनी करू." डोळ्यांनी झालं. येताना दुधी आणला. सुलक्षणा कालपासून दहिसरला लेकीकडे, नमिताकडे आहे. त्यांच्याकडे रंगकाम चाललंय, कामगारांवर लक्ष ठेवायला कोणी हवं.

रविवारी तू ठेवून गेलेले दोन्ही कागद वाचले. पहिल्यात 'खाडीपार' या कॉम्प्युटरवरच्या खेळातला सुयोगचा अर्धा हिस्सा सिनेमा कंपनीला कायमचा द्यायचा आहे. दुसऱ्यात माझा आवाज वापरायला माझी परवानगी. तुला घाई आहे हे कळतं. कंपनीला सिनेमाचा दुसरा भाग काढायचाय आणि तुझ्याकडे आता माणसं कामाला आहेत. फोनवर विचारलंस तर मी "बघतो" म्हणेन, म्हणून पत्र लिहितो आहे.

इकडे हवा बरी आहे. सकाळी थोडा गारवा असतो.

बुधवार

काल इथवर लिहून थांबलो. आज वाचून पाहिलं, तर हयातीचा दाखला आणि दुधी यापलीकडे त्यात काही नाही.

पुढचं तुला बरंचसं माहीत आहे, तरी क्रमाने लिहितो. मरोळच्या कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलं. क्रम लावल्याशिवाय मला सांगता येत नाही.

तुम्ही दोघांनी खेळ करायला घेतला तेव्हा आमच्या गावची खाडी त्यात घ्यायची ही सुयोगची कल्पना. खेळणारा माणूस तारी, म्हणजे खाडीवरची होडी चालवणारा. उतारूंना होडीत बसवायचं, भरती-ओहोटी बघायची आणि पलीकडे पोचवायचं. कोणाला मारायचं नाही, काही जिंकायचं नाही. लोकांनी सांगितलं, चालणार नाही. होडी सुटण्याआधी तारी गाऱ्हाणं घालतो, हेही त्याचंच. मी त्याला म्हटलं, गाऱ्हाणं देवळात गावकार, गावचा मानकरी घालतो, तारी नाही. तो म्हणाला, "पप्पा, गेम आहे. चालतं." तू घाटकोपरचा, तुला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तू मला विचारलंस, "काका, ही प्रार्थना आहे की तक्रार?" मी म्हटलं, दोन्ही.

आवाज द्यायला माणसं आणायला पैसे नव्हते. म्हणून सुयोग स्वतः तारी झाला आणि मला त्याने उतारू केलं. आतल्या खोलीत कपाटाच्या दोन दारांवर गोधड्या टाकल्या, पंखा बंद केला. मे महिना होता. तू दाराबाहेर हेडफोन लावून बसला होतास. तो गाऱ्हाणं म्हणायचा आणि मी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, एवढंच काम. तेही मला जमेना.

"पप्पा, तुम्ही साहेबाला उत्तर देताय. जरा मोठ्याने. देवाला ऐकू जाऊ दे."

"देव बहिरा नाही."

"देव नाही, माइक बहिरा आहे. स्वस्तातला आहे."

सुलक्षणा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, मी जेवायला वाढू का विचारते तेव्हा बघ कसे म्हणतात ते. तसं म्हणा हो." तुम्ही दोघं हसलात. मलाही हसू आलं. त्यानंतर जे निघालं ते बरोबर निघालं.

त्याच्या गाऱ्हाण्यातली एक ओळ अशी होती: "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां पल्याड जाऊक निघाली आसत. तेंका सुखरूप पोचव, नि मागे रवलेल्यांका सांभाळ रे म्हाराजा." ही त्याने स्वतः बसवली होती. गावच्या गाऱ्हाण्यात ती नाही.

त्या रात्री जेवताना मी विचारलं होतं, तुझा आवाज एका फाइलमध्ये आणि माझा दुसऱ्या, असं कशाला? एकत्रच का नाही ठेवत? तो म्हणाला, "तुमच्या स्टोअरसारखं आहे, पप्पा. बोल्ट एका खणात, वॉशर दुसऱ्या खणात. उद्या बोल्ट बदलला तर वॉशरला पत्ता लागू नये. ज्याचं काम त्याने करायचं, दुसऱ्याच्या आत हात घालायचा नाही. डिझाइन म्हणजे एवढंच." मला पटलं. माझ्या नोकरीबद्दल तो आपणहून बोलला असं फारसं होत नसे.

खेळ बाहेर आला आणि आठवडाभरात कोणीतरी त्याचं कुलूप फोडून फुकट वाटायला लागलं. विकत घेणाऱ्यांपेक्षा चोरून खेळणारे जास्त. मला संताप आला. आमच्या स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय एक स्क्रू बाहेर जात नसे. सुयोग दोन दिवसांनी म्हणाला, "जाऊ दे. कोणी होडीत बसतंय ना."

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि तो तापाने गेला. त्याबद्दल लिहीत नाही. तू तिथे होतास.

मग तो सिनेमा आला. त्यातही खाडी, त्यातही होडी, म्हणून कंपनीला तुमचा खेळ हवासा वाटला. तू विचारलंस, काका, एका वर्षासाठी देऊ का? मी हो म्हटलं आणि सही केली. तुझ्यावर कर्ज होतं आणि खेळ नुसता पडून होता. त्यात काय बदलणार हे मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. मला वाटतं, सांगायची तुला हिंमत झाली नाही.

सिनेमा किती चालला ते सांगायला नको. पहिल्याच दिवशी तो लोकांच्या मोबाइलवर फुकट फिरत होता आणि तरी थिएटरं भरलेली होती. आपल्या जावयाने, परेशने, फुकटात पाहिला आणि मग तिकीट काढून परत पाहिला. विचारलं तर म्हणाला, "पप्पा, थिएटरमध्ये शिट्ट्या ऐकू येतात ना!"

एका सकाळी मी सुयोगच्या कॉम्प्युटरवर खेळ उघडला. रोज उघडत होतो. तुला हे ठाऊक नसेल. रात्रीत तो आपोआप नवा झाला होता. होडी तीच, पाणी तेच, पण तारी त्या सिनेमातल्या नटाच्या आवाजात बोलायला लागला. गाऱ्हाणं नाही. "दर्या माझ्या बापाचा" वगैरे सिनेमातलं वाक्य. आणि ते वाक्य संपल्यावर माझा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

तू तारीचा खण बदललास, उतारूंच्या खणाला हात लावला नाहीस. वॉशरला पत्ताही लागला नाही. सुयोगने मांडणी इतकी चांगली केली होती, की त्याला त्यातून काढायला तुला एक दुपार पुरली असेल.

लोकांना ते फार आवडलं. तो नट छाती काढून बोलतो आणि मागून एक म्हातारा निमूट हो म्हणतो, याचं त्यांना हसू येतं. त्याच्या रील निघाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या नलिनीताई लिफ्टमध्ये मला बघून हात जोडतात आणि तेच म्हणतात. बाई चांगल्या आहेत. त्यांना माहीत नाही. मीही सांगत नाही, मान हलवतो.

रविवारी तूही हेच म्हणालास. "काका, तुम्ही हिट आहात! कंपनीला नट दुसरा चालेल, पण तुमचा आवाज तोच हवाय."

सुलक्षणा म्हणाली, "घरात दोन शब्द बोलत नाहीत, आणि बाहेर त्याच दोन शब्दांचे पैसे मिळतायत."

तू हसलास, तीही हसली, आणि मग उठून आत गेली. चहा टाकायला गेली असं तुला वाटलं. चहा आला नाही, हे तुझ्या लक्षात आलं का?

तू म्हणशील, काका, आधी बोलला असतात तर मी सुयोगच्या आवाजाची फाइल पाठवली असती. नमिताही तेच म्हणाली. आमच्याकडे त्याचे व्हिडिओ आहेत. नमिताच्या लग्नातला आहे, गावच्या जत्रेतला आहे. त्यात तो सगळ्यांशी बोलतो. माझ्याशी बोलतोय असं एकातही नाही. आमचं भांडण नव्हतं. तो कॉम्प्युटरपाशी असे, मी पेपर घेऊन बसलेला. त्याने काही म्हणावं आणि मी त्याला हो म्हणावं, असं फक्त त्या खेळात आहे. नुसत्या फाइलमध्ये तो बोलतो आणि फाइल संपते.

म्हणून मी परेशला विचारलं, ती चोरीची जुनी प्रत अजून मिळते का? त्याने आधी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, "सासरेबुवा, तुम्हीसुद्धा?" पण नंतर थट्टा केली नाही. कुठून तरी शोधून आणली आणि कॉम्प्युटरवर घालून दिली. इंटरनेटची वायर काढून ठेवली, म्हणजे ती पुन्हा आपोआप बदलायची नाही.

आता ज्यासाठी दोन दिवस पान भरतोय ते लिहितो.

खेळाच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या आहेत. पाणी, वारा, तारी, उतारू. तू सुयोगला म्हणाला होतास, एवढ्या कशाला, एक पट्टी बस झाली. त्याने ऐकलं नाही. मी उतारूंची पट्टी शून्यावर आणतो. मग सुयोग गाऱ्हाणं म्हणतो, "मागे रवलेल्यांका सांभाळ रे म्हाराजा" म्हणतो आणि थांबतो. माझा आवाज बंद असतो, पण त्याची वेळ खेळाने राखून ठेवलेली असते. तेवढ्या वेळात मी म्हणतो. इथे खुर्चीत बसून, मोठ्याने. मग होडी सुटते.

सुलक्षणेला ऐकू जात असणार. तिने कधी विचारलं नाही. मी बसलो की ती दार लोटून घेते.

पहिल्या कागदावर सही केली आहे. खेळ तुम्ही दोघांनी केलात, तो चालावा, तुझं घर चालावं. त्यात एक कलम आहे की जुनी प्रत कोणाकडे असल्यास नष्ट करावी आणि चोरीच्या प्रतीही कंपनी शोधून काढील. माझ्याकडे एक आहे. ती मी ठेवणार. सही करताना हे तुला सांगितलेलं बरं. तक्रार करायची झाली तर माझा पत्ता तुझ्याकडे आहेच.

दुसऱ्या कागदावर सही केलेली नाही, आणि करणार नाही. ते दोन शब्द खेळातून काढून टाक. एका वर्षाची मुदत महिनाअखेरीस संपते, तोवर राहिले तर राहू देत. वेगळ्या खणात आहेत, तुला जड जाणार नाही. कंपनीला हवेच असतील तर भांडुपला जा, लालबागला जा, मालवणी माणसांना तोटा नाही. माझ्यापेक्षा चांगलं म्हणतील. मी ते सुयोगला म्हटलं होतं. दुसऱ्या कोणाला मी हो म्हटलेलं नाही, आणि ते तसं ऐकू येतंय हे मला सहन होत नाही.

यावरून त्यांनी करार मोडला तर तुझं मोठं नुकसान होईल. रुचिराचे दिवस भरत आलेले असताना मी हे करतोय, याचं वाईट वाटतं. तरी करतोय. तू रागावलास तर तेही बरोबर आहे. पण येणं सोडू नकोस. वर्षश्राद्धाला तू जिन्यापर्यंत येऊन परत गेलास, वॉचमनने सांगितलं. त्या दिवशी तुझं पान मांडलेलं होतं.

सुलक्षणा उद्या संध्याकाळी येईल. पाकिटावर पत्ता घालून झालाय, सकाळी पोस्टात जाईन. दोरीवरचे कपडे वाळले असतील. ते काढून घड्या घालून ठेवतो.

तुझा काका,
आणि सुयोगचा बाप,
जयवंत तोंडवळकर