शेळ्यांची वजाबाकी

न्येरी, रविवार दुपार

प्रिय गिचुकी,

जे मूल संध्याकाळी फाटकाशी उभे राहून, एकही शेळी न मोजता, ‘कानफाटकी अजून आली नाही’ असे बिनचूक सांगते, तेच मूल शाळेत बारातून पाच वजा करताना मुके का होते? तुला हा प्रश्न पडलाच नाही. तू सरळ निकाल देऊन मोकळा झालास : ‘पोरगी मठ्ठ आहे, ताई. सर म्हणतात, पुन्हा तिसरीत बसवा, धाकट्याच्या शेजारी.’ जिला आईचे नाव दिलेस, त्या लेकीबद्दल असे बोलवते तरी कसे तुला!

न्यागुथी सुट्टीला माझ्याकडे आली, तेव्हा सरांचेच गणित मी तिला घातले. बारा शेळ्या होत्या, पाच मेल्या, किती उरल्या? ती जमिनीकडे पाहत राहिली. इतकी वर्षे मी शिक्षकांना शिकवते आहे. म्हटले, बरे, चित्र काढ. तिने कुंपण काढले, फाटक काढले आणि आत शेळ्या अशा दाटीने काढल्या की शिंगांच्या गर्दीत एकही वेगळी दिसू नये. माझा संयम सुटत चालला होता, तोच ती पुटपुटली, ‘आत्या, शेळ्या मोजायच्या नसतात, घरातली माणसंही नाही. आजी म्हणते, मोजलेलं टिकत नाही. आणि यातल्या पाच तर आधीच मेल्यात!’

मी कपाळाला हात लावला. मग तिच्यापुढे घेवड्याचे दाणे ओतले. शेळ्या नव्हेत, माणसे नव्हेत, संध्याकाळी शिजायचे दाणे. बाटलीच्या एका झाकणात दहा, उरलेले सुटे, एवढेच सांगितले. चौतिसातून अठरा काढ म्हटल्यावर सुटे चारच आहेत हे तिने पाहिले, कोणी न सुचवता एक झाकण उपडे केले आणि म्हणाली, ‘सोळा. त्यात काय एवढं?’ दुसऱ्या दिवशी तेच तिने रेघा मारून केले. आता नुसत्या आकड्यांनीही करते. आधी हात, मग रेघ, शेवटी आकडा, असा हा जिना आहे, गिचुकी. आणि तुमचे सर मुलांना थेट माडीवर फेकतात! आईला मी दोष देत नाही. रीत आपलीच आहे. पण सरही याच डोंगरावरचे ना? घरी ‘मोजू नकोस’, शाळेत ‘मोज’, आणि गप्प राहिली तर मठ्ठ! धन्य आहे तुम्हा सर्वांची.

फोनवर हे सांगायला गेले की ‘झाली बाईंची शाळा सुरू’ म्हणून तू हसतोस. म्हणून लिहिते आहे. काल भांडी विसळता विसळता न्यागुथी म्हणाली, ‘आत्या, बाबांना सांग, मी शेळ्यासुद्धा मोजीन. पण त्या मेल्या तर मला ओरडायचं नाही.’ ऐकलेस? शाळा उघडली की सरांना होकार द्यायला जाणार आहेस, जाऊ नकोस. निदान त्याआधी एक कर. हे पत्र मिळेल त्या रात्री जेवताना, आईच्या देखत, आपल्या मुलांपैकी एकेकाकडे बोट दाखव आणि मोठ्याने मोज. बघ, कितीपर्यंत पोचतोस.

तुझीच, पुरती वैतागलेली,
वांगेशीताई