वहीत नसलेली ताडी

१२ फेब्रुवारी १९५८, बुध.
तलासरी. शाळेची खोली, दोन बाकं जोडून टेबल. आज तीन पोरं निजवली, तिन्ही क्लो. वर. डॉक्टरांचा नियम साधा आहे: डहाणूच्या दवाखान्यात ईथर, इथे क्लोरोफॉर्म. इथे त्याच खोलीत हत्यारं उकळायला स्टोव्ह पेटलेला असतो. ईथरची वाफ तिथवर गेली की शाळा, पोर, डॉक्टर आणि मी, सगळे एकदम वर.

वही माझ्याकडे. डाव्या पानावर ई., उजव्या पानावर क्लो. नाव, वय, काय कापलं, झोप किती मिनिटांत, जाग किती मिनिटांत, उलटी, नाडी. पोरांच्या पाच-दहा मिनिटांच्या कामाला दोन्हींत बरं कुठलं, हे डॉक्टरांना उन्हाळ्याआधी ठरवायचंय.

क्लो. पुढे आहे. ईथरला डहाणूची पोरं गुदमरतात, लाथा झाडतात, मग दुपारभर ओकतात. इथली गपगुमान निजतात. डॉ. म्हणाले, "पाहिलंत सिस्टर? रानातली पोरं धीट." मलाही तसंच वाटलं.

शाळेच्या पायरीवर दर बुधवारी कोण पाणी सांडतं कोण जाणे. आज पाय घसरला. मास्तरांना सांगायला हवं.

२६ फेब्रु., बुध.
लिहू की नको.

जेठी, वय पाच, उधव्याकडच्या पाड्यावरची. मांडीत काटा मोडून गळू. आईबरोबर आली होती, बाप लाडक्या गवत कापायला गेलेला. जाळीचा मास्क पाहूनच किंचाळायला लागली. आईने पाय धरले तरी लाथ बसली, मास्क सरकला. मी थेंब मोजायचं सोडलं आणि धार धरली. मग पोर शांत झाली. फारच शांत. बोट कानापुढच्या नाडीवर ठेवलं तर नाडी नाही. मास्क फेकला, हनुवटी वर धरली, छाती दाबली. मनात आकडे चालू होते. आठपर्यंत काही नाही. नवव्याला आली, दोऱ्याइतकी बारीक.

डॉक्टर पाठमोरे, चाकू उचलत होते. न वळताच म्हणाले, "ठीक?"

"ठीक."

वहीत लिहिलं: नाडी ठीक. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलंय.

२७ फेब्रु.
आई बाजारातून आली, टोपलीत चार बोंबील उरलेले. मी जेवत नाही म्हणून बडबड. शेवटी तिला विचारलं, झोपवलेलं पोर उठलंच नाही तर?

ती हातांवरचे खवले धूत होती. "पोरी, निजवतेस तू. मंग उठवायचं पन तुज्याच अंगावर."

एवढंच. मग म्हणाली बोंबील थंड होतात.

१२ मार्च, बुध.
जेठी मलमपट्टीला आली नाही. तीन जण आले, तिघेही शांत निजले.

येताना जीपमध्ये डॉ. खुशीत. ठाण्याच्या जिल्हा कचेरीला पत्र लिहिणार, एप्रिलपासून डहाणूलाही पोरांना क्लो. च. म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय खरं, भेदरलेल्या पोराचं काळीज याने अचानक थांबू शकतं. पण आपल्या वहीत एकदा तरी आहे का?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ माझी, आणि तिच्यात पोराचं काळीज.

१९ मार्च, बुध.
आज कळलं.

सात वर्षांचा पोरगा, हाताचं हाड बसवायचं. मास्क घेऊन वाकले तर तोंडाला आंबूस वास. बापाला बाहेर नेऊन विचारलं. मग खाली बघत, "भ्याव जाव म्हून पाजली बाय, दोन घोट. काटा काढायचा, हाड बशवायचा, तवा पोराला पाजतातच. आदी भुईला, मंग पोराला."

भुईला म्हणजे पायरीवर. चार थेंब पूर्वजांना, मग पोराच्या तोंडात ताडी. मी दर बुधवारी ज्याच्यावरून घसरते ते पाणी नव्हतं.

आमची धीट पोरं.

डॉक्टरांना म्हटलं याचं पोट भरलेलं आहे, दुपारी करू. ताडीचं बोलले नाही. निजलेल्या पोराने ती ओकली आणि श्वासात गेली तर काय होतं, ते मला ठाऊक आहे. इतके दिवस झालं नाही हे नशीब, शहाणपण नव्हे.

२० मार्च
दुपारी वही उघडून बसले. डावं पान: कोळ्यांची, बाजारातली पोरं, रिकाम्या पोटी, भेदरलेली. उजवं पान: ताडी प्यालेली. आम्ही औषधं तोलत होतो की ताडी? उजव्या पानावर ताडी न पिता निजलेली एकच मला नक्की माहीत आहे. पाजतो बाप, आणि तिचा बाप बरोबरच नव्हता. जेठी. आणि तिचीच नाडी गेली. आणि तीच मी "ठीक" लिहिली.

सांगितलं तर नोकरी जाईल. नाही सांगितलं तर एप्रिलपासून डहाणूचं प्रत्येक भेदरलेलं पोर माझ्या हाताखाली. मला स्वतःची लाज वाटते, साधी लाज, पदर तोंडावर घ्यावा अशी.

२४ मार्च, सोम.
सांगितलं. आधी जेठीचं, मग ताडीचं.

डॉ. नी चष्मा काढला. "आठ?"

"आठ."

"धार धरलीत ही चूक. पण नाडी गेली ती तुमच्या धारेने की औषधाच्या गुणाने, हे मला कळायला हवं होतं. तुम्ही ते माझ्यापासून चोरलंत."

ओरडले असते तर बरं झालं असतं. पत्राचा कागद घडी घालून फाडला. मग मलाच विचारावं तसं, "इतक्या बुधवारांत मीसुद्धा एकदा वाकून वास घेतला नाही ना?"

ठरलं ते असं: तलासरीला स्टोव्ह बाहेर, चिंचेखाली, खोलीपासून लांब. ईथरची बाटली ओल्या फडक्यात. तिथेही ईथर. आणि वहीत नवा रकाना: ताडी. मी म्हटलं, दारूबंदी आहे, सरकारी वहीत नावासमोर ताडी लिहिली तर? ते म्हणाले, "वही माझी आहे. पोलिसांची नाही." त्यांना खरंच तसं वाटतं.

२६ मार्च, बुध.
हात दाखवून अवलक्षण.

लाडक्या जेठीला खांद्यावर घेऊन आला. जखम वरून मिटली, आत पू. काट्याचं टोक आत राहिलं असणार. पुन्हा उघडायला हवी. पण चेहरा पाहून कळलं, येण्याआधी पाजून आणलीय. तेव्हा आज नको, पुढच्या बुधवारी रिकाम्या पोटी. इथवर बरं होतं. मग मी वही उघडली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "किती पाजली?"

मास्तर दारात उभे. हसत म्हणाले, "घ्या, आता सिस्टर ताडीपण सरकारी वहीत लिहिणार." गमतीनेच म्हणाले.

लाडक्याचा चेहरा बंद झाला. "नाय पाजली." पोर उचलली आणि गेला. व्हरांड्यातले बाकीचेही एकेक करून उठले. माझ्या हातात पेन तसंच. रकान्यात काही लिहिलं नव्हतं, पण ते कोण वाचून बघणार होतं.

२ एप्रिल, बुध.
स्टोव्ह चिंचेखाली. ईथर गार. मास्कवर नवं गॉझ. अकरा वाजले, बारा वाजले.

पायरी कोरडी. कुणीच आलं नाही.

डॉ. बाकावर बसून होते. जाताना म्हणाले, "पू आत असेल तर आठवडा फार झाला."

३ एप्रिल
आईला सगळं सांगितलं. तिला वाटलं मी रडेन, मग मी रडले. ती म्हणाली, "ते येत नाय तर तू जा. मासा दारात येतो का? आपनच टोपली घेऊन फिरतो."

तिच्या सगळ्या गोष्टी मासळीपाशी संपतात. पण बरोबर आहे.

९ एप्रिल, बुध.
डॉ. नी जीप उधव्यापर्यंत दिली. चारपर्यंत थांबेल. पुढे मैलभर पायी.

लाडक्या घरात नव्हता, किंवा होता. जेठीची आई दारात आली. म्हणाली, "पोर मामाकडं गेली." कुडाआडून पोर कण्हत होती. वासही येत होता, तो वास मी कुठेही ओळखेन. आम्ही दोघींनी ऐकलं. दोघींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मी वही पिशवीतून काढून तिच्या हातात दिली. म्हटलं, ठेव तुझ्याकडे. मी काही लिहिणार नाही. फक्त माझ्या कानात सांग, आज पाजलीय की नाही. पाजली असेल तर थांबू, नसेल तर आत्ता नेऊ.

"डाक्टरला सांगशील?"

खोटं बोलणं सोपं होतं. तेवढ्यासाठीच आले होते जणू. "डॉक्टरला सांगेन," म्हटलं. "त्याला कळलं नाही तर पोर मरेल. मागे एकदा मी सांगितलं नव्हतं."

तिने तेव्हा पाय धरले होते. तिने बघितलं असणार, मी छाती दाबताना.

"तवा गेलती ना पोर?" तिने विचारलं.

"आठ आकडे," मी म्हटलं. "मग आली."

ती वही घेऊन आत गेली.

हे घरासमोरच्या मोहाच्या झाडाखाली बसून लिहितेय, पाकिटाच्या मागच्या बाजूवर. रात्री उतरवून घेईन. आत दोघं बोलतायत, लाडक्याचा आवाज ओळखला. जीपपर्यंत पोर घेऊन जायला अर्धा तास तरी लागेल. सव्वातीन झालेत. दार लोटलेलं आहे, कडी घातलेली नाही.