ओठावरचा ताप

करंजाडे,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. भाविकास,
नमिताताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. तेजसची सेकंड शिफ्ट चालू आहे आणि माझं गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवत उन्हात हिंडणं. तुझी कंबर आता कशी आहे? आई गुडघ्याला तेल लावते, की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपते? चिठ्ठी बघून हसशील. मेसेज तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. फोनवर माझा आवाज चढतो, ते तुला ठाऊकच आहे. म्हणून कागद. आई आज इथे आली आहे, तिच्याच हाती देते. ती वाचणार नाही, तिचा चष्मा दुरुस्तीला टाकलाय.

काल मिथुनचा फोन आला. ‘ताई, भाविका बोलली, रविवारी ये. झाला ते झाला.’ फोन ठेवून मी ओट्याशी उभी राहून रडले. सात महिने मी बाळाला फक्त मोबाईलवर पाहिलंय. भाऊबीजेला मिथुन एकटाच आला, तेव्हा त्याने व्हिडिओ दाखवला. बाळ उपडं पडून स्वतःची मूठ चघळत होतं. मी तो पाच वेळा लावायला लावला. मिथुन कंटाळला, मी नाही. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. त्या मुठीसाठी माझा जीव किती तुटतो, हे तुला वेगळं सांगायला नको.

पण तू दार उघडण्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी.

बारशाच्या दोन दिवस आधी माझ्या ओठाच्या कोपऱ्यात चुरचुरायला लागलं, मग पाण्याच्या बारीक पुळ्या आल्या. लहानपणापासून आईचं ठरलेलं, ‘ताप भायेर परला, आता बरी झालीस.’ आमच्या घरात ओठावर पुळ्या आल्या की माणसं खूश होतात. मी वरून गडद लिपस्टिक लावली. आत्याचा मान, फोटो निघणार, सगळं आलंच. कानात नाव सांगायला वाकले आणि तू पाळण्यावर हात आडवा धरलास. ‘ताई, तोंड लांब. ओठाला काय झालंय तुमच्या?’ सगळ्या बायका माझ्या ओठाकडे बघायला लागल्या. ‘मला काय खरूज झालीय?’ असं ओरडून मी चपला घातल्या. नाव शेवटी शेजारच्या गिरजाबाईंनी सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी मी नेरूळला स्किनच्या डॉक्टरबाईंकडे गेले. कशाला, तर हा काही आजारबिजार नाही असं लिहून आणून तुझ्या तोंडावर फेकायला! हस आता.

त्यांनी ओठ पाहिला आणि म्हणाल्या, हर्पिस. ताप वगैरे बाहेर पडत नाही, हा विषाणू आहे. एकदा शिरला की नसेच्या मुळाशी जन्मभर झोपून राहतो. ऊन, दगदग, ताप, टेन्शन, काहीही झालं की उठतो. बहुतेकांना लहानपणीच कुणाच्या तरी मुक्यातून मिळतो. म्हणजे मला आईकडूनच आला असणार, तिलाही दर उन्हाळ्यात पुळ्या येतात. मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही, आठ-दहा दिवसांत खपली पडते. मग त्यांनी विचारलं, ‘घरात तान्हं बाळ नाही ना?’ मी म्हटलं, भाचा आहे, तेरा दिवसांचा. त्यांनी पेन खाली ठेवलं. इतक्या लहान बाळाच्या मेंदूपर्यंत हा जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो, म्हणाल्या. ‘पापा घेतलात का त्याचा?’

मी नाही म्हटलं.

भाविका, घेतला होता. बारशाच्या सकाळी, तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. गालावर.

बाळाने दूध सोडलं, सुस्त पडलं, ताप आला, अंगावर पुळी दिसली, तर क्षणभरही थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा, असं त्यांनी बजावलं. हे तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. बाळाला तपासून घेता आलं असतं. मला लाज आडवी आली. मी काय केलं, तर दीड महिना सकाळ-संध्याकाळ आईला फोन. ‘दूध प्यायला ना? रडतो ना नीट?’ आई तुला कौतुकाने सांगायची, बघ आत्याची माया. माया होतीच गं, पण त्याहून जास्त भीती होती. माझ्या अब्रूपायी मी तुझ्या बाळाचा जीव धोक्यात घातला. त्या दिवशी तू हात आडवा घातलास ते बरोबर होतं. मला माफ कर.

आता चुरचुरलं की त्याच दिवशी डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरू करते, पर्समध्येच असते. उन्हात ओठाला मलम लावते, तेजस त्यावरून चिडवतो. माझा ग्लास, टॉवेल वेगळा. पुळीला हात लागला की साबणाने धुते आणि ओठ पूर्ण बरा होईपर्यंत कुणाच्या तान्ह्याजवळ जात नाही. आईलाही समजावलं, तर म्हणते, ‘तुमची डाक्टरीन काय पन सांगते.’ तिच्यावर तूच लक्ष ठेव. पुळी नसतानाही कधीकधी लागण होते म्हणे, म्हणून बाळाचा पापा मी घेणारच नाही.

हे वाचून ‘नको येऊ’ असं वाटलं, तर मिथुनला सांग. मी रागावणार नाही. आणि ये म्हणालीस, तर आधी दारातच, उजेडात, माझा ओठ बघ आणि मग आत घे. हात धुऊन मी त्याचे पाय धरून बसेन, तेवढं पुरे.

कागदावरून लागण होत नाही ना, हेही मी डॉक्टरबाईंना विचारून घेतलं. त्या हसल्या. म्हणून, ज्याच्या कानात नाव सांगायचं माझं राहूनच गेलं, त्या शिवतेजला गोड पापा.

तुझी,
नमिताताई