चेंडूने न गेलेला डोळा

३ मार्च

ती. काकांस, सा. न. वि. वि.

‘निरोगी माणसाचा नमुना’ म्हणून तुमचं रक्त नेलं, ते मला छळतंय. आम्ही लहान मुलांच्या डोळ्यांतल्या गाठींवर काम करतो. पेशींना ‘वाढ पुरे’ म्हणून दटावणारं एक जनुक असतं. तुमचं जनुक धडधाकट आहे, पण त्याच्या एका प्रतीचं बटण जेमतेम चालू होतं. प्रयोगशाळेतले सर म्हणाले, नळ्यांची अदलाबदल झाली असेल, फेकून दे. मी चारदा तपासलं. चारही वेळा तेच! त्यासाठी आमचा शोधनिबंध अडवून बसलेय, सर बोलत नाहीत. पुन्हा रक्त द्याल? आणि विचारू नये, पण काचेच्या डोळ्याच्या जागचा खरा डोळा चेंडूनेच गेला ना?

ताईला नववा लागला ना? जपायला सांगा. माझ्यावरची माया आटवू नका.

तुमची हट्टी पुतणी

७ मार्च

चि. शंकासुरीस, अनेक आशीर्वाद.

पाठ खटकला तर पोथी टाकू नये, पुन्हा वाचावी, असं तीस वर्षं वर्गात सांगतोय. ऐकलं कोणी, तर संस्कृतात काठावर पास झालेल्या तू!

रक्त नको. चेंडू नव्हताच. दोन वर्षांचा असताना डोळ्याच्या बाहुलीत पांढरं चमकलं. गाठ निघाली, डोळा काढला. पुढे भावंडांची लग्नं अडतील म्हणून आईने चेंडू शोधून काढला आणि मी तो पन्नास वर्षं झेलला. रंगात आलो की फलंदाजाचं वर्णनही करायचो.

आज तुझ्या ताईला खरं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, गोष्ट छान रचलीत, आता माझ्या बाळाचं काय ते बोला. ते मला येत नाही, तुला येतं. लवकर लिही.

तुझा लबाड काका

२ मे

चि. शंकासुरीस, अनेक आशीर्वाद.

तू सांगितलेल्या डॉक्टरीणबाईंनी आठव्या दिवशीच बाळाचे डोळे पाहिले. डाव्यात मोहरीएवढा ठिपका होता, माझ्याच रक्तातून उतरलेला. लेझरने जाळला. बाई म्हणाल्या, पांढरं चमकेपर्यंत थांबला असतात तर उशीर झाला असता. दर महिन्याला दाखवायचंय. सध्या नात दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे संशयाने बघते. तुझ्यावर गेलीय.

तुझ्या सरांनी नमुना निबंधात घेतला, हे वाचून छाती फुगली. तिथे मला फक्त क्रमांक मिळणार म्हणतेस. चालेल.

काल वाचनालयात एका गृहस्थांनी डोळ्याबद्दल विचारलं. सवयीने चेंडू तोंडाशी आला होता. मग म्हटलं, बसा निवांत, माझ्या पुतणीची गोष्ट सांगतो.

लोभ आहेच, शंकाही अशाच राहू देत.

तुझा काका, नमुना क्रमांक सतरा